खराटा आणि कायदा

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे आणि अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे. दोन्ही नावे यथायोग्य आहेत. परंतु इमारतीला नाव दिले की त्या माणसाचे म्हणणे विसरण्याची मुभा मिळते, असा आपल्या राज्यकर्त्यांचा समज दिसतो. पंजाबराव शेतीपुरते उरले, गाडगेबाबा झाडण्यापुरते. वऱ्हाडात अस्पृश्यतेशी उघड झुंज घेणाऱ्या या दोघांच्या चरित्रांतून ती झुंजच गाळली गेली.

त्यात व्यासपीठावरून एक तुलना हमखास ऐकू येते. बाबांनी कीर्तनाने मने पालटली, पंजाबरावांनी सत्तेचा आधार घेतला. मनपरिवर्तन हाच खरा मार्ग, कायद्याने तेढ वाढते! वरकरणी ही भक्ती वाटते. तिचा रोख मात्र 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडे असतो. म्हणूनच तिचा समाचार घेणे अवश्य आहे.

पापळच्या शेतकरी कुटुंबात 1898 साली जन्मलेले पंजाबराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा स्वजातीचे पुढारीपण त्यांना आयते मिळण्यासारखे होते. त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले. 13 नोव्हेंबर 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या त्या लढ्यात पंजाबराव उतरले. 1928 साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. सवर्णांचे मन पालटेपर्यंत तहान थांबत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना कळत होती. ती आज ज्यांना कळत नाही, त्यांना विहिरीपर्यंत जाण्यास कधी कोणी अडवलेले नसते.

मात्र विहीर कागदावर खुली झाली म्हणजे पोहरा पाण्याला लागतो असे नाही. गावाचा बहिष्कार, शेतावरची मजुरी तुटण्याचे भय, पाटलाची नजर यांपुढे कौन्सिलचा हुकूम लुळा पडतो. तेथे गाडगेबाबांचे काम सुरू होते. 1876 मध्ये शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेला आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेला हा निरक्षर माणूस 1905 साली घराबाहेर पडला. दिवसा त्याने गाव झाडले आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून शिवाशिवीबद्दल जाब विचारला. झाडणे हे विशिष्ट जातींचे जन्मजात काम मानणाऱ्या समाजात स्वेच्छेने उचललेला खराटा ही त्या समाजव्यवस्थेवरची टीकाच होती.

परंतु बाबांनी केवळ मनपरिवर्तनावर भिस्त ठेवली काय? पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना आसरा मिळत नव्हता. बडव्यांची मने पालटेपर्यंत वाळवंटात झोपा, असे बाबांनी त्यांना सांगितले नाही. त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांना बाबांचे नाव कायद्याविरुद्ध वापरावयाचे आहे, त्यांनी ही कृती आधी समजून घ्यावी.

दोघांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पंजाबरावांनी सत्ता आणि संस्था यांवर विश्वास टाकला. गावातील जमिनीची मालकी आणि तिच्यातून येणारी हुकमत तशीच राहिली. बाबांनी सत्तेकडे पाठ फिरवली. त्यांच्या पश्चात सत्तेने त्यांचा खराटा उचलला आणि जाब तेवढा टाकून दिला. डॉ. आंबेडकरांनी 1935 साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली व 1956 साली नागपुरात ती पुरी केली. या दोन्ही मार्गांनी काय साधले नाही, याचे ते सर्वांत कठोर उत्तर होय.

अमेरिकेचा अनुभव वेगळा नाही. वर्णभेदाविरुद्ध 1964 चा नागरी हक्क कायदा झाला. तरीही मार्टिन ल्यूथर किंग यांना 1968 साली मेम्फिसला जावे लागले ते संपावरील कृष्णवर्णीय सफाई कामगारांसाठी, आणि तेथेच त्यांची हत्या झाली. हॉटेलात शेजारी बसण्याचा हक्क मिळाल्यावरही कचरा कोणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच.

तोच प्रश्न आपल्यापुढे आहे. 2000 सालापासून गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले. रस्ते झाडले गेले, बक्षिसे वाटली गेली. परंतु ज्या गावात दोन स्मशाने आहेत, ते गाव स्वच्छ कसे? हाताने मैला उपसण्यास 2013 च्या कायद्याने बंदी असताना गटारात उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो?

अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या मिरवणुकांतून थोडा वेळ काढून गावोगाव तीन गोष्टी लिहून काढाव्यात: स्मशान एक की दोन, नळाचे पाणी शेवटी कोणत्या वस्तीत पोचते आणि गटार कोण उपसतो. उत्तरे घेऊन रात्री चावडीवर बसावे, सकाळी तहसील कचेरीत जावे. पहिले काम बाबांचे, दुसरे पंजाबरावांचे. यांपैकी एक टाळण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याला दोघांपैकी कोणाच्याही पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार नाही.