‘पर्यंत’ या शब्दाची किंमत

घरगुती इंटरनेटच्या जाहिरातीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’ हा होय. ‘सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत वेग’ असे म्हटले, की त्याखालचा कोणताही वेग आश्वासनभंग ठरत नाही. महिन्याच्या शुल्काला मात्र हा ‘पर्यंत’ लागू होत नाही.

वास्तविक या व्यवसायाचे अर्थशास्त्र सरळ आहे. एकाच वाहिनीची क्षमता अनेक ग्राहकांत वाटली जाते. सर्वजण एकाच क्षणी तिचा वापर करणार नाहीत, या गृहीतकावरच शुल्क आवाक्यात राहते. त्यात गैर काही नाही. पण रात्री आठनंतर, विद्यार्थी अभ्यासाला आणि कुटुंब करमणुकीला बसते तेव्हा, हे गृहीतकच कोसळते.

तथापि प्रत्येक वेळी दोष कंपनीचाच असतो असेही नाही. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर, मधल्या जाड भिंती, शेजाऱ्यांच्या वायफायने गजबजलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ही कारणे घरातलीच असतात. शिवाय मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरवून घेते.

विक्रेत्याला मालाची माहिती ग्राहकापेक्षा अधिक असली, की बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. येथेही तेच घडते. म्हणून ग्राहकाने प्रथम माहिती मिळवावी. इतर उपकरणे बंद ठेवून, संगणक तारेने थेट राउटरला जोडून, सकाळी आणि रात्री आठवडाभर वेग मोजावा व लिहून ठेवावा. तारेवर वेग पुरेपूर आणि वायफायवर अपुरा असेल, तर दोष बहुधा घरात आहे. तारेवरही केवळ रात्रीच घसरत असेल, तर सामायिक क्षमता अपुरी पडत असण्याचा संभव अधिक. दिवसभर कमी असेल, तर डेटाची मर्यादा संपली आहे काय ते पाहून जोडणीची तपासणी मागावी.

परंतु मोजमापाचा सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१४ मध्ये ५१२ किलोबिट होती. ती २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. शंभर मेगाबिटच्या जाहिरातीच्या मानाने हा पन्नासावा हिस्सा आहे. उलट ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहिरातीत सरासरी म्हणून सांगता येतो. असा दंडक येथे अशक्य का मानावा?

किराणा दुकानदाराने ‘किलोपर्यंत’ साखर तोलून दिली आणि पैसे पूर्ण किलोचे घेतले, तर कोणीही गप्प बसणार नाही. वेग डोळ्यांना दिसत नाही, एवढ्याच कारणाने त्याचे माप सैल ठेवण्याची मुभा कोणालाही असू नये.