वालातील प्रथिन आणि मेंदूच्या उपचारांची आशा

देऊळगाव राजा : परसातील कुंपणावर चढणाऱ्या वालाला प्रयोगशाळेत वेगळेच महत्त्व आहे. त्यातील ‘फ्रिल’ हे लेक्टिन वर्गातील प्रथिन रक्तनिर्मितीच्या मूळपेशी टिकवून धरते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१० मध्ये केळी व लसणातील लेक्टिनमुळे उंदरांमधील अशा पेशी वाढल्याचे नोंदविले. चेतासंस्थेच्या मूळपेशीही अपरिपक्व अवस्थेत टिकविणे अवघड असल्याने हा मार्ग तेथेही मोलाचा ठरू शकतो. मात्र पेशी टिकविणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांतील प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर चाचण्यांपुरताच मर्यादित ठेवला. पक्षाघाताच्या रुग्णासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबाने हा फरक ध्यानी घ्यावा.