विश्लेषण : 'ब्रसेल्सपुढे झुकणार नाही' म्हणणारे नेते शेवटी सही का करतात?

३ नोव्हेंबर २००९ रोजी चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष व्हाक्लाव्ह क्लाउस यांनी लिस्बन करारावर सही केली. युरोपीय महासंघाच्या तेव्हाच्या २७ सदस्य देशांपैकी ही शेवटची सही होती. क्लाउस या कराराचे कट्टर विरोधक. त्यामुळे युरोपच्या एकीकरणाकडे संशयाने पाहणाऱ्यांची, म्हणजे युरोसाशंकांची, सारी भिस्त त्यांच्यावर होती. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी याच करारावर सार्वमत घेण्याचे आश्वासन मागे घेतले. दोन दिवसांत दोन माघारी. ब्रिटनमधील युरोसाशंकांनी याला सरळ दगाबाजी म्हटले. ती खरोखर दगाबाजी होती का? आणि त्या संतापाचे पुढे काय झाले?

लिस्बन करारावर इतका राग का?

या रागाचे मूळ २००५ मध्ये आहे. युरोपीय महासंघासाठी एक राज्यघटना तयार करण्यात आली होती. फ्रान्समध्ये २९ मे २००५ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी ती नाकारली. तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून अधिक मतदार विरोधात गेले. राज्यघटना बारगळली. पण तिच्यातील बहुतेक तरतुदी डिसेंबर २००७ मध्ये लिस्बन कराराच्या रूपाने परत आल्या. 'राज्यघटना' हे नाव गेले, ध्वज आणि राष्ट्रगीताचे कलम गेले. मात्र युरोपीय परिषदेचा पूर्णवेळ अध्यक्ष, बहुमताने निर्णय घेण्याच्या विषयांत वाढ, मूलभूत हक्कांच्या सनदेला कायदेशीर बळ हे सारे कायम राहिले. या वेळी फ्रान्स आणि नेदरलँड्सने जनतेला विचारले नाही, संसदेतच मंजुरी घेतली. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने २००५ च्या जाहीरनाम्यात राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचे वचन दिले होते. हा करार वेगळा आहे, असे सांगून पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ते टाळले.

आयर्लंडमध्ये दोनदा मतदान का झाले?

आयर्लंडला मात्र घटनात्मक कारणांमुळे सार्वमत घ्यावेच लागले. जून २००८ मध्ये ५३ टक्के मतदारांनी करार फेटाळला. त्यानंतर लष्करी तटस्थता, करआकारणी आणि गर्भपातविषयक कायदा यांत महासंघ ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी आयर्लंडला मिळाली. प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम ठेवण्याचेही मान्य झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि ६७ टक्के मतदारांनी होकार दिला. मधल्या काळात जागतिक मंदीने आयर्लंडचे कंबरडे मोडले होते, हेही त्यामागचे मोठे कारण.

हा प्रकार नवा नव्हता. डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट करार नाकारला, चार सवलती मिळाल्यावर १९९३ मध्ये स्वीकारला. आयर्लंडनेही नीस करार २००१ मध्ये नाकारून २००२ मध्ये मान्य केला होता. समर्थकांच्या मते मतदारांची हरकत ऐकली, ती दूर केली आणि पुन्हा विचारले, यात गैर काय? विरोधकांच्या मते 'हो' म्हटले की प्रश्न संपतो आणि 'नाही' म्हटले की परीक्षा पुन्हा द्यावी लागते, ही कसली लोकशाही? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

क्लाउस यांनी माघार का घेतली?

आयर्लंडचा होकार आल्यावर पोलंडचे अध्यक्ष लेख काचिन्स्की यांनी १० ऑक्टोबरला सही केली. उरले फक्त क्लाउस. त्यांनी सहीच्या बदल्यात एक अट घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना हाकलण्यात आले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. मूलभूत हक्कांच्या सनदेचा आधार घेऊन त्यांचे वारस दावे करतील, अशी भीती क्लाउस यांनी मांडली आणि सनदेतून सूट मागितली. युरोपीय नेत्यांनी ऑक्टोबरअखेरीस ती मान्य केली. पुढे ही सूट प्रत्यक्षात कधी लागूच झाली नाही, हा भाग वेगळा.

चेक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी आधीच करार मंजूर केला होता. ३ नोव्हेंबरला घटना न्यायालयानेही हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर सही अडवून धरायला अध्यक्षांकडे काही आधारच उरला नाही. त्याच दिवशी त्यांनी सही केली. आता आपला देश सार्वभौम राहणार नाही, असेही त्यांनी बोलून दाखवले. ब्रिटनमधील निवडणुकीपर्यंत आपण थांबू शकत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते.

कॅमेरॉन यांची चूक कोणती?

कॅमेरॉन यांनी सप्टेंबर २००७ मध्ये 'द सन' या वृत्तपत्रातून लिस्बन करारावर सार्वमत घेण्याची पोलादी हमी दिली होती. ती पाळायची तर त्यांची सत्ता येईपर्यंत करार कुठे तरी अडकून राहायला हवा होता. म्हणजे हमी लंडनमध्ये दिलेली, पण तिची चावी डब्लिन आणि प्रागच्या हाती. ब्रिटनमध्ये निवडणूक झाली मे २०१० मध्ये आणि करार लागू झाला १ डिसेंबर २००९ रोजी. लागू होणाऱ्या करारावर सार्वमत घेऊन उपयोग नाही, हा कॅमेरॉन यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण ही अडचण २००७ मध्येही दिसत होती. ती तेव्हा सांगितली नाही, ही त्यांची खरी चूक.

नमते घेण्यामागे हिशेब काय असतो?

युरोपीय महासंघात सदस्य देश आपले काही अधिकार एकत्र ठेवतात. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर नाशिकच्या द्राक्षांत कीटकनाशकाचा किती अंश चालेल, हे नेदरलँड्स किंवा जर्मनी ठरवत नाही, महासंघ ठरवतो. अशा बहुतेक विषयांवर एका देशाला नकाराधिकार नसतो. आज २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्येचे पाठबळ असले की निर्णय होतो. करारबदल, परराष्ट्र धोरण, करआकारणी अशा मोजक्या विषयांतच एकमत लागते.

जिथे नकाराधिकार आहे, तिथेही तो वापरून काम थांबतेच असे नाही. डिसेंबर २०११ मध्ये पंतप्रधान झालेल्या कॅमेरॉन यांनी आर्थिक शिस्तीचा नवा करार अडवला. मायदेशी त्यांचे कौतुक झाले. पण इतर देशांनी महासंघाच्या चौकटीबाहेर वेगळा करार केला आणि मार्च २०१२ मध्ये २५ देशांनी त्यावर सह्या केल्या. अडवणारा बाजूला राहिला, गाडी पुढे गेली.

म्हणून चतुर नेते नकाराधिकार वापरण्यापेक्षा त्याची किंमत वसूल करतात. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय होताना हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान बैठकीच्या खोलीबाहेर गेले. त्यामुळे उरलेल्या २६ नेत्यांचे एकमत झाले. आदल्याच दिवशी हंगेरीचा रोखलेला सुमारे १० अब्ज युरोंचा निधी मोकळा झाला होता. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असे महासंघ म्हणतो. पण त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच.

संताप शेवटी कुठे गेला?

लिस्बनची भरपाई म्हणून कॅमेरॉन सरकारने २०११ मध्ये कायदा केला. यापुढे ब्रसेल्सला नवे अधिकार द्यायचे तर सार्वमत घ्यावे लागेल, असे त्यात होते. त्याने कोणाचे समाधान झाले नाही. स्वपक्षातले बंडखोर आणि नायजेल फराज यांचा 'युकिप' यांचा दबाव वाढत गेला. जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरॉन यांनी थेट सदस्यत्वावरच सार्वमताचे वचन दिले. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत युकिप ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. एका कराराबद्दल नाकारलेला प्रश्न सात वर्षांनी संपूर्ण सदस्यत्वाचा प्रश्न होऊन परत आला. गंमत म्हणजे ब्रिटन ज्या कलम ५० च्या दाराने बाहेर पडला, ते दार लिस्बन करारानेच उघडून दिले होते.

मग यातून काय दिसते?

ब्रिटनची दमछाक पाहून इतर देशांतील युरोसाशंकांनी बाहेर पडण्याची भाषा सोडली. फ्रान्सच्या मरीन ल पेन यांनी युरो सोडण्याची मागणी मागे ठेवली. एके काळी युरोविरोधात बोलणाऱ्या जॉर्जिया मेलोनी इटलीच्या पंतप्रधान झाल्यावर ब्रसेल्सशी जुळवून घेताना दिसल्या. त्यांच्या काही समर्थकांना हीसुद्धा माघारच वाटते.

२७ देशांच्या मेजावर तडजोड अटळ आहे. तिला दरवेळी दगाबाजी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण घरी गर्जना करायची, तिकडे सही करायची आणि परत येऊन दुसरा मार्गच नव्हता म्हणायचे, याने विश्वास झिजतो. लोकांना विचारायचे तर बदल शक्य असताना विचारावे आणि जे आपल्या हातात नाही त्याची हमी देऊ नये. कॅमेरॉन यांनी हे २००७ मध्ये पाळले असते, तर २०१६ टळलेच असते असे नाही. पण त्यांच्या शब्दाला तेव्हा थोडे अधिक वजन राहिले असते.