भिंतीवरचं पोस्टर आणि कोटींची गाडी



गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलं. तो लिहितो, “काका, जुन्या स्पोर्ट्‌स कारला लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात असं मी वाचलं. पण आमच्या बाबांची गाडी बारा वर्षांची झाली, तर तिला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारत नाही! असं का? आणि आज कोणती स्पोर्ट्‌स कार घेऊन ठेवली, तर मी मोठा झाल्यावर तिची किंमत वाढलेली असेल?”

प्रश्न झकास आहे! त्यातल्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर शोधताना मात्र भल्याभल्यांनी हात पोळून घेतलेत. तीच गंमत आज सांगतो.

आधी एका शाळेची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात व्हिक्टोरिया नावाचं गाव आहे. १९६०च्या दशकात तिथल्या हायस्कूलला एका श्रीमंत माणसानं आपली जुनी शर्यतीची गाडी देऊन टाकली. कशासाठी? मुलांना गाडीदुरुस्ती शिकायला! पुढे १९७२मध्ये शाळेनं ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. ही गाडी होती फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते ६४ या काळात अशा जेमतेम ३६ गाड्या बनल्या. त्यांच्यातलीच दुसरी एक गाडी २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली!

आता त्या शाळेला हसू नका बरं का! १९७२मध्ये जीटीओ ही फक्त एक जुनी, शर्यतीतून बाद झालेली गाडी होती. तिचं पुढे काय होणार, हे त्या वेळी कुणालाच दिसत नव्हतं.

उतार, सपाटी आणि चढ

गाडीच्या किमतीचा प्रवास घाटरस्त्यासारखा असतो. शोरूममधून बाहेर पडली की लगेच उतार लागतो. दहापंधरा वर्षांनी सपाटी येते. गाडी आता नवी नसते, पण पुरातनही नसते. नुसतीच जुनी असते. बहुतेक गाड्यांचा प्रवास या सपाटीवरच संपतो आणि त्या भंगारात जातात. तुमच्याआमच्या घरची गाडी यातलीच. तिची काही चूक नाही. ती लाखोंनी बनते, मग कशाला कोण जपून ठेवणार?

थोड्याच गाड्यांना सपाटीनंतर चढ लागतो. साधारण १९८० ते २००० या काळातल्या ज्या स्पोर्ट्‌स कार आज या चढावर आहेत, त्यांना संग्राहक ‘मॉडर्न क्लासिक’ म्हणतात. पण कोणत्या गाडीला चढ लागेल, हे ठरतं कशावरून? ‘कमी बनलेली, वेगवान आणि महाग गाडी’ असं उत्तर तुम्ही द्याल. थांबा, आता दोन गाड्यांची गोष्ट ऐका.

दोन गाड्या, दोन नशिबं

१९८८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जग्वार कंपनीनं एक्सजे-२२० ही गाडी मांडली. बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, ताशी २२० मैल वेगाचं स्वप्न! त्या काळी जुन्या आणि दुर्मिळ गाड्यांचे भाव रोज वर चढत होते. ‘आज घ्या, उद्या दुपटीनं विका’ असा जणू तापच आला होता. गाडी तयारही नव्हती, तरी लोकांनी ५०-५० हजार पौंड आगाऊ भरले. त्यातल्या पुष्कळांना ती चालवायची नव्हतीच. त्यांना ती विकायची होती.

१९९२मध्ये गाडी हातात आली, तेव्हा बाराऐवजी सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. ताकद फक्त मागच्या चाकांना. किंमत सांगितली होती २ लाख ९० हजार पौंड. ती चार लाखांच्याही वर गेली. तोवर मंदी आली आणि गाड्यांचा बाजार कोसळला. ज्यांनी हौसेनं पैसे भरले होते, ते आता सुटका शोधू लागले. प्रकरणं कोर्टात गेली. शेवटी सुमारे २८० गाड्या बनल्या आणि त्यातल्या काही वर्षानुवर्षं विकल्या गेल्या नाहीत.

गंमत म्हणजे गाडी वाईट नव्हती! ती ताशी ३४९ किलोमीटर वेगानं धावली होती. दुर्मिळ होती, देखणी होती. तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षं ती मूळ किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला मिळत होती. आता तिचे भाव वर आलेत, पण महागाई हिशेबात धरली तर १९९२चा मालक आजही तोट्यातच आहे.

त्याच देशात आणि त्याच मंदीत दुसरी गाडी आली, मॅकलॅरेन एफ-वन. गॉर्डन मरे या अभियंत्यानं ती बनवली. ड्रायव्हरची सीट मधोमध, दोन प्रवासी दोन्ही बाजूंना किंचित मागे. इंजिनची उष्णता परतवायला आत चक्क सोन्याचा पातळ पत्रा! किंमत कर वगळून साडेपाच लाख पौंडांच्या आसपास. तिलाही गिऱ्हाईक मिळेना. तीनशे गाड्या बनवायचा बेत होता, पण १९९८पर्यंत बनल्या १०६. त्या वेळी हीसुद्धा फसलीच असं म्हणणारे होते.

आणि मग? २०२१च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात एक एफ-वन २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे दीडशे कोटी रुपये!

फरक कुठे पडला? एफ-वननं सांगितलेलं सगळं करून दाखवलं. ती मुळात रस्त्यावरची गाडी. पण १९९५मध्ये तिच्या शर्यतीसाठी तयार केलेल्या गाडीनं ‘ल माँ’ची २४ तासांची शर्यत पहिल्याच फटक्यात जिंकली. १९९८मध्ये ती ताशी ३८६ किलोमीटर वेगानं धावली. जग्वारला मात्र ‘सांगितलं एक, दिलं दुसरं’ हा शिक्का चिकटला. गाडीच्या किमतीत पत्रा आणि इंजिनाबरोबर दिलेला शब्दही मोजला जातो!

भाव ठरवतं कोण?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडीचा भाव कंपनी ठरवत नाही की लिलाववालेही ठरवत नाहीत. तो ठरवतात मुलं!

हसलात ना? पण बघा. बारातेरा वर्षांचा मुलगा खोलीच्या भिंतीवर एका गाडीचं पोस्टर लावतो. रोज झोपताना ती बघतो. तीस वर्षांनी त्याच्या हातात पैसा येतो, तेव्हा तो सगळ्यात चांगली गाडी घेत नाही. तो भिंतीवरची गाडी घेतो. ज्यांच्या भिंतीवर १९८०च्या दशकात लॅम्बोर्गिनी काउंटाश आणि फेरारी एफ-४० होती, ती मुलं आता पन्नाशीत आहेत. त्या गाड्यांचे भाव चढण्यामागचं हे एक मोठं कारण.

जपानच्या निसान स्कायलाइन जीटी-आरचंच बघा ना. ही गाडी अमेरिकेत कधी विकलीच गेली नाही. पण १९९७मध्ये प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिझ्मो’ हा खेळ आला आणि अमेरिकेतल्या मुलांनी ती पडद्यावर दामटली. पुढे सिनेमातही दिसली. मात्र तिथल्या कायद्यामुळे परदेशी नियमांची अशी गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सहसा आयात करता येत नाही. म्हणून १९८९ची आर-३२ त्यांना २०१४मध्ये मिळाली, तर १९९९ची आर-३४ मिळायला २०२४ उजाडलं. तोवर खेळणारी मुलं कमावती झाली होती. जसजशी ती तारीख जवळ आली, तसतसे भाव चढत गेले. एका पिढीचा हट्ट आणि कॅलेंडर या दोघांनी मिळून किंमत ठरवली!

जपायची की चालवायची?

संग्राहक गाडी बघताना आधी विचारतात, “कागद कुठे आहेत?” पहिला मालक कोण, सर्व्हिस कुठे झाली, इंजिन मूळचंच आहे ना? गाडीचा इतिहास तिच्या किमतीत मिळवला जातो. आपल्या ओळखीचं उदाहरण देतो. सचिन तेंडुलकरनं डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून २००२मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ती देणारा होता खुद्द मायकेल शूमाकर. तशा फेरारी हजारोंनी बनल्या. पण ज्या एका गाडीच्या इतिहासात ही दोन नावं आहेत, ती एकच. २०११मध्ये ती दुसऱ्या मालकाकडे गेली, तेव्हा हा इतिहासही तिच्याबरोबर गेला.

मग गाडी कपाटातल्या नाण्यासारखी झाकून ठेवावी का? दीडशे कोटींची ती एफ-वन तेवीसचोवीस वर्षं सोडा, जवळपास सत्तावीस वर्षांत चारशे किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. मुंबईहून पुण्याला दोनदा जाऊन आलात तरी त्याहून जास्त होईल!

पण तुमच्या लाडक्या मिस्टर बीनचं ऐका. रोवन ॲटकिन्सन यांच्याकडे एफ-वन होती. ते ती रोजच्या कामाला वापरायचे. तब्बल ४१ हजार मैल चालवली. दोनदा अपघातही झाला. दुसऱ्या वेळी दुरुस्तीचा खर्चच नऊ लाख पौंडांच्या वर गेला, तो विमा कंपनीनं दिला. २०१५मध्ये तीच गाडी ८० लाख पौंडांना विकली गेल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांनी ती ६ लाख ४० हजारांच्या आसपास घेतली होती. म्हणजे अठरा वर्षं मनमुराद चालवूनही बारापटीहून जास्त!

शिवाय उभी गाडी आपोआप टिकत नाही. टायर कडक होतात, रबरी नळ्यांना भेगा पडतात. आणि या गाड्यांचं खास दुखणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. एफ-वन तपासायला १९९०च्या दशकातला एक ठराविक काँपॅक लॅपटॉपच लागायचा. २०१६पर्यंत कंपनीनं तसले जुने लॅपटॉप जपून ठेवले होते! इंजिनाचा भाग लेथवर बनवता येतो, पण वीस वर्षांपूर्वीची चिप कुठून आणणार? म्हणून आजच्या गाड्या उद्या जपणं जास्त अवघड जाणार आहे.

थोडं गणित

वही घ्या. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, हे काढायची युक्ती सोपी आहे : ७२ला व्याजाच्या दरानं भागा. दर ६ टक्के असेल तर १२ वर्षं. आता १९९४मध्ये ठेवलेले पैसे २०२१पर्यंत ६ टक्क्यांनी साधारण पावणेपाच पट होतात. एफ-वन झाली सुमारे सत्तावीस पट. छान! पण एक्सजे-२२०वाल्यांनी तेच पैसे बँकेत ठेवले असते, तर ते खूपच पुढे असते. शिवाय विमा, गॅरेज, दुरुस्ती यांचा खर्च आपण धरलेलाच नाही. आणि आपण बोलतो ते जिंकलेल्या गाड्यांबद्दल. सपाटीवर संपलेल्या गाड्यांची बातमी छापतो कोण?

मग पुढे काय?

आता जगभर विजेच्या गाड्या वाढताहेत. हातानं गिअर टाकायच्या स्पोर्ट्‌स कार कमी होत चालल्यात, म्हणून जुन्या गाड्यांतही तसा गिअर असलेल्यांना जास्त मागणी आहे. काही जण म्हणतात, पेट्रोलच्या आवाजाची गाडी उद्या आणखी मौल्यवान होईल. दुसरे म्हणतात, ज्या मुलांनी तो आवाज ऐकलाच नाही, ती त्यासाठी पैसे का मोजतील? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. निकाल तुमच्या पिढीच्या हातात आहे.

म्हणून त्या आठवीतल्या मित्राला माझं उत्तर असं : कोणती गाडी महाग होईल, हे मला विचारू नकोस, तुझ्या वर्गातल्या मुलांना विचार. आणि कधी पैसे आले, तर जी विकली गेली नाही तरी तुला आनंदच देईल, अशीच गाडी घे. एक्सजे-२२०च्या रांगेत ज्यांना गाडी हवी होती, त्यांना निदान गाडी तरी मिळाली. ज्यांना फक्त नफा हवा होता, त्यांच्या हाती काय लागलं?

आणि बाबांच्या बारा वर्षांच्या गाडीबद्दल. २०२०मध्ये सचिननं एका मुलाखतीत सांगितलं, की आपली एक जुनी गाडी परत मिळाली तर फार आवडेल. कुणाकडे असेल तर कळवा. कोणती गाडी? ती फेरारी नव्हे! त्यानं पहिल्यांदा घेतलेली मारुती ८००. लाखोंनी बनलेली, बाजारात जिची किंमत फारशी नाही, तीच!

तेव्हा बाबांच्या गाडीचा एक फोटो काढून ठेव. तिचं सर्व्हिस बुकही फेकू नकोस.

आता सगळ्यांसाठी काम. वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या आवडीच्या पाच गाड्या लिहा. प्रत्येकीपुढे ती का आवडते, ते एका ओळीत लिहा. खाली आजची तारीख टाका आणि आईबाबांनाही त्यांच्या लहानपणीच्या पाच गाड्या लिहायला लावा. वही जपून ठेवा. २०५०मध्ये उघडून बघा, भाव कुणी बरोबर ओळखला ते!

भेटू पुढच्या आठवड्यात.