स्नुषा आणि ‘नुएरा’

समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळच्या गोष्टी आम्ही लहानपणी घरातील वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत. आज ज्या घरातील एकही मुलगा वा मुलगी परदेशी नाही, असे घर आमच्या वाचकांत विरळाच असेल. परंतु परदेशी राहणे निराळे आणि परदेशी माणसाचे घर आपले म्हणणे निराळे. पहिल्यात विद्येचा व पोटापाण्याचा प्रश्न असतो. दुसऱ्यात नात्यांचा प्रश्न येतो. आणि नात्यांचा प्रश्न आला की तो एकट्या मुलीचा न राहता सबंध घराचा होऊन बसतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी हल्ली असेच झाले आहे. त्यांची कन्या शिक्षणाकरिता स्पेन देशातील व्हॅलेन्सिया शहरी गेली, तेथेच नोकरीस राहिली, आणि आता तेथल्याच एका तरुणाशी विवाह करण्याचा तिचा निश्चय ठरला आहे. घर एकत्र, आजी, काका-काकू, चुलत भावंडे असा भरलेला संसार. विरोध कोणी केला नाही, पण काळजी सर्वांस आहे. मुलीचे वडील लिहितात : ‘गुरुजी, मुलगी आमची राहील की नाही, एवढेच सांगा.’ आजींचा प्रश्न याहून थेट आहे. त्या देशात म्हाताऱ्या माणसांना घरात कोणी विचारते काय, असे त्यांनी नातवाकडून लिहवून घेतले आहे. या दोन प्रश्नांवर आम्ही बरेच वाचले व त्या मुलीशीही पुष्कळ बोललो. त्यातून जे हाती लागले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे देतो.

कागदपत्रांचे प्रकरण प्रथम उरकू. जन्माचा दाखला, त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपोस्टिल’ नावाची मुद्रा (हेग येथील १९६१ च्या करारान्वये ही पद्धत चालते, भारत त्यात २००५ पासून आहे), मग स्पेनच्या सरकारमान्य भाषांतरकाराचे भाषांतर, राहत्या गावच्या नगरपालिकेत नाव नोंदल्याचा दाखला, आणि अविवाहित असल्याचा दाखला. या शेवटच्या कागदाने घरात थोडा क्षोभ झाला. ‘आमच्या मुलीचे लग्न झालेले नाही हे आम्ही सांगतो ते पुरेसे नाही काय?’ असे आजी म्हणाल्या. पुरेसे आहे, पण ते प्रतिज्ञेवर व मुद्रांकित कागदावर सांगावे लागते. शिवाय हा दाखला फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही; त्याची मुदत थोड्या महिन्यांचीच धरतात.

यानंतर जे होते ते वाचून आम्हांस हसू आले. वधूवरांस निरनिराळे बसवून अधिकारी प्रश्न विचारतो. तुमची ओळख कोठे झाली, त्यांची भावंडे किती, ते काम काय करतात, घरी कोणत्या भाषेत बोलता. केवळ राहण्याचा परवाना मिळविण्यासाठी कोणी खोटे लग्न लावू नये, हा यातील हेतू. आपल्याकडील मुलगी पाहण्याचा कार्यक्रमच हा. भेद इतकाच की तो सरकार करते, आणि मुलाचीही तितकीच परीक्षा होते. २०२१ पासून हे काम विवाहनोंदणी कार्यालयाप्रमाणे नोटरीपुढेही चालविता येते. तेथील नोटरी हा मोठा कायदेपंडित अधिकारी असतो. कचेरीबाहेर मेज मांडून बसणारा गृहस्थ डोळ्यांपुढे आणू नये.

मुलगी आमची राहील काय, याचे उत्तर निदान कायद्यापुरते तरी समाधानकारक आहे. स्पेनमध्ये विवाहाने स्त्रीचे आडनाव बदलत नाही. तेथे प्रत्येकास दोन आडनावे असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून, आणि ती जन्मभर टिकतात. अपत्याच्या नावात कोणाचे आडनाव पुढे ठेवावे हे आईबापांनी ठरवावयाचे. पित्याचे आपोआप पुढे येण्याचा नियम २०१७ पासून उरलेला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचे ठरविले, त्यावरून केवढी चर्चा झाली हे वाचकांस स्मरत असेल. या दोन पद्धतींच्या मध्ये सापडून आमच्या या मुलीची मात्र गंमत झाली आहे. तिच्या पारपत्रावर स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा आपला क्रम. स्पॅनिश कारकुनाने वडिलांचे नाव हेच पहिले आडनाव समजून नोंद केली. त्यामुळे कचेरीत तिला वडिलांच्या नावाने हाक मारतात. वडिलांस हे कळल्यापासून त्यांची निम्मी काळजी दूर झाली, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

नागरिकत्वाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्पॅनिश माणसाशी विवाह केल्याने कोणी आपोआप स्पॅनिश होत नाही. परक्या देशच्या माणसास तेथे सामान्यतः दहा वर्षे रीतसर राहिल्यावर नागरिकत्व मागता येते. विवाह झालेल्यास एका वर्षाने. ही सवलत मोठी आहे, आणि म्हणूनच मोहाची आहे. भारताच्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे अन्य देशाचे नागरिकत्व आपण होऊन घेतले की आपले सुटते. त्यानंतर जे ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ म्हणून कार्ड मिळते, त्याच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी मताचा अधिकार त्यात नाही, आणि त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. घाई करण्याचे काहीच कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतीय राहूनही पत्नी म्हणून तेथे निवासाचा व नोकरीचा परवाना मिळतो. मुलगीही त्याच विचाराची आहे हे ऐकून बरे वाटले.

आता आजींचा प्रश्न. याचे उत्तर आम्हांस स्पेनच्या दिवाणी संहितेत सापडले, आणि तेथे ते सापडेल अशी आमची मुळीच अपेक्षा नव्हती. १८८९ च्या या संहितेत मूळचे एक कलम असे होते की, पतीने पत्नीचे रक्षण करावे व पत्नीने पतीची आज्ञा पाळावी. हे कलम १९७५ पर्यंत पुस्तकात होते, आणि तोवर विवाहित स्त्रीस कित्येक व्यवहार पतीच्या अनुमतीवाचून करता येत नसत. या मुलीची होणारी सासू त्यापूर्वीच्या दोन वर्षांत विवाहित झालेली. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडण्याकरिता नवऱ्याची सही न्यावी लागे, ही गोष्ट त्या सुनेस पहिल्याच आठवड्यात सांगून बसल्या. पुढे कायदा पालटला. आज तेथे नागरी विवाह लागताना अधिकारी त्या संहितेची तीन कलमे, ६६, ६७ व ६८, वधूवरांपुढे मोठ्याने वाचतो. हक्क व कर्तव्ये दोघांची सारखी. परस्परांचा आदर करावा, साहाय्य करावे, कुटुंबाचे हित पाहावे. एकत्र राहावे, एकनिष्ठ राहावे. २००५ साली ६८ व्या कलमास आणखी एक वाक्य जोडले गेले. त्याचा आशय असा की, घरकामाचा भार दोघांनी वाटून घ्यावा, आणि वडीलधारी माणसे, मुलेबाळे व आपल्यावर अवलंबून असलेली इतर माणसे यांची काळजीही दोघांनी मिळून वाहावी.

आजींना हे पत्रातून कळविले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतले. आमच्या मनात मात्र दुसराच विचार आला. आपण वडीलधाऱ्यांची सेवा हा धर्म मानतो, पण ती प्रत्यक्ष कोण करते? बहुतेक घरांतून एकटी सून करते. या कलमात ‘दोघांनी’ हा शब्द आहे, इकडे आमच्या घरांतील मुलग्यांनी जरा लक्ष द्यावे. कायद्यात लिहिले म्हणजे घरोघर तसे घडतेच असे नाही, हे आम्हांसही समजते. तथापि लग्नाच्या मुहूर्तावर सर्वांसमक्ष ऐकविलेली गोष्ट अगदीच वाया जात नसावी.

पाश्चात्त्यांत मूल अठरा वर्षांचे झाले की घराबाहेर काढतात, हा जो आपला समज आहे, तोही स्पेनला लागू पडत नाही. तेथील तरुण सरासरीने तिशीच्या आसपास आईबापांचे घर सोडतात. घरभाड्याची महागाई हे त्याचे एक मोठे कारण. बाहेर पडल्यावरही रविवारचे दुपारचे जेवण बहुधा आजीआजोबांकडेच असते.

या जेवणाची वेळ हीच आमच्या मुलीची पहिली अडचण ठरली. दुपारी दोन-अडीचला पान मांडावयाचे, रात्री साडेनऊ-दहाला. आईने फोनवर ऐकून कपाळास हात लावला. परंतु यात आळस नसून घड्याळाचा घोटाळा आहे. ग्रीनविचचे रेखावृत्त व्हॅलेन्सियाच्या जवळूनच जाते. तेव्हा तेथे ग्रीनविचचीच वेळ असावयास हवी. ती १९४० साली जनरल फ्रँकोच्या राजवटीत एक तास पुढे करण्यात आली, ती पुन्हा मागे आलीच नाही. उन्हाळ्यात तर आणखी एक तास पुढे जाते. म्हणजे उन्हाळ्यात तेथे दोन वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला असतो. सूर्याच्या हिशेबाने ती मंडळी आपल्याप्रमाणेच भर मध्यान्ही जेवतात. मुंबईदेखील १९५५ पर्यंत आपली वेळ राखून होती, भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे. तेव्हा घड्याळाच्या हट्टाचे आपणांस नवल वाटू नये. घरच्यांनी ध्यानात ठेवण्याची गोष्ट इतकीच की, उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते व हिवाळ्यात साडेचार. आपली पहाटेची पूजा आटोपून आजी नातीस फोन करतात तेव्हा तेथे मध्यरात्र उलटलेली असते.

शाकाहाराचे फारसे अडले नाही. ‘मांस नको’ म्हटल्यावर पानात मासा येतो, कारण मांस या शब्दात तो ते धरीत नाहीत. म्हणून नको त्या वस्तूंची नावेच सांगावी लागतात. काबुली चणे, मसूर, पालक, बटाटे व उत्तम ऑलिव्ह तेल यांवर घर चालते. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे मोठे सरोवर आहे, त्याच्या काठी भाताची खाचरे आहेत. ‘पाएया’ हा तेथील प्रसिद्ध भात. सासूबाई रविवारी सुनेकरिता घेवड्याच्या शेंगांचा निराळा लहान पाएया लावतात. असे जेथे होते तेथे मुलीचे बरे चालले आहे, असे समजावे.

भाषेचे काम अधिक कठीण. मुलगी स्पॅनिश शिकून गेली, आणि घरातील वृद्ध मंडळी आपापसात व्हॅलेन्सियन बोलतात असे तिला आढळले! दोन्ही तेथील राजमान्य भाषा आहेत. हिंदी शिकून सासरी जावे आणि सासूबाईंनी कोकणीत बोलावे, त्यातलाच हा प्रकार. आता ती तीही शिकते आहे. सासूस ‘तू’ म्हणून, तिचे नाव घेऊन हाक मारणे मात्र तिच्या जिभेवर अद्याप चढत नाही. आदरार्थी रूप त्या भाषेत आहे, पण ते घरात वापरल्यास परकेपणा वाटतो. आम्ही तिला लिहिले की, आपणही आईस आणि देवास ‘तू’ म्हणतो. त्या धाग्याने चालावे.

आणि शब्द तर मुळीच परके नाहीत. स्पॅनिशमध्ये सासूस ‘सुएग्रा’ व सुनेस ‘नुएरा’ म्हणतात. लॅटिनमध्ये हेच शब्द ‘सोक्रुस’ व ‘नुरुस’ असे आढळतात, आणि ते आपल्या श्वश्रू व स्नुषा यांचे सख्खे भाऊबंद आहेत. स्नुषेची मराठीत सून झाली, तिकडे नुएरा झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात नववधूने श्वशुर व श्वश्रू यांच्या घरी सम्राज्ञी व्हावे, असे इच्छिले आहे. ते आपल्या किती घरांत उतरले, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

विवाह व्हॅलेन्सियासच नोंदविण्याचे ठरले आहे, आणि ते योग्यच झाले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असल्यासच लागू पडतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने येथे लग्न करावयाचे तर दोघांपैकी एकाने आधी तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिले पाहिजे, मग तीस दिवसांची नोटीस. इतकी रजा कोणासच नाही. तेव्हा पुढील हिवाळ्यात येथे होईल तो केवळ आशीर्वादाचा विधी. गुरुजींनी वराचे गोत्र विचारले, तेव्हा ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्यास काश्यप धरण्याची रूढी काकांनी पुढे केली व तो प्रश्न मिटला. वराच्या आईने विचारले आहे की, येताना काय आणू? त्यांच्याकडेही नवदांपत्यावर तांदूळ उधळतात, म्हणून आल्बुफेराचा तांदूळ अक्षतांकरिता आणावा असे त्यांच्या मनात आहे. आजींनी कळविले आहे की अवश्य आणावा, मात्र कणी नसावी.