माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात घालू नका

दिवाळीची साफसफाई निघाली की पाटसच्या बऱ्याच घरांत माळ्यावरून एक खोकं खाली येतं. आत कॅसेटी असतात. 'वाजवायला टेपच राहिला नाही, ठेवून करायचं काय?' असं कुणीतरी म्हणतं आणि खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. हातात येतात प्लास्टिकच्या भावाचे चार पैसे. माझी तुम्हाला विनंती आहे. यंदा ते खोकं बाजूला ठेवा. एक दुपार काढा आणि आत काय आहे ते बघा.

बघताना तीन ढीग करा.

प्रल्हाद शिंदे, सुलोचना चव्हाण, भीमसेन जोशींचे अभंग असल्या गाजलेल्या कॅसेटी एकीकडे. त्यांची काळजी करू नका. ती गाणी मोबाईलवर आहेत, उद्याही राहतील.

दुसऱ्या ढिगात छापील कॅसेटीच घाला, पण ज्यांची नावं तुमच्या मुलांनी कधी ऐकली नाहीत अशा. जिल्ह्यातल्या एखाद्या शाहिराचा पोवाडा. जेजुरीच्या यात्रेत घेतलेली वाघ्या-मुरळीची गाणी. एखाद्या तमाशा पार्टीचा वग. छोट्या कंपन्यांनी अशा कॅसेटी थोड्याशा काढल्या, यात्रेत विकल्या आणि पुढे कंपनीच बंद झाली. नव्या काळात त्या कुणी पुन्हा काढल्या नाहीत.

तिसऱ्या ढिगात येतात पेननं नाव लिहिलेल्या. 'सप्ता', 'जागरण', 'आक्काची हळद'. कुणीतरी हौसेनं टेप पुढ्यात ठेवून भरलेल्या. यांची दुसरी प्रत जगात कुठंच नाही. म्हणून पहिला हात या ढिगाला घाला.

पण लगेच मशीनमध्ये घालून वाजवायला जाऊ नका. कॅसेट उजेडात धरा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट वाजवली तर बुरशी मशीनला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणत्या माणसाकडं द्या.

कॅसेट चांगली असेल तर तिच्या मागच्या कडेला बघा. दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आतलं गाणं पुसलं जात नाही. कितीतरी घरांत आजीच्या आवाजावर नातवंडांनी सिनेमाची गाणी भरली ती याच चुकीनं.

मग समोरच्या कडेला बघा. फितीच्या मागं पातळ पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज कोंदट येतो आणि लोकांना वाटतं कॅसेट गेली. ती गेलेली नसते. दुरुस्ती करणारा फीत काढून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या साच्यात बसवून देतो. फीत सैल असेल तर पेन्सिल घालून हळू गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मगच वाजवा.

उतरवून घेताना मोबाईल स्पीकरपुढं धरू नका. पंख्याची घरघर आणि दारातलं कुत्रं, सगळंच भरतं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडा. हे काम शाळा-कॉलेजात जाणारा घरातला कुणीही पोरगा करील. पहिली पाच मिनिटं भरून ऐकून बघा, मग पुढं चला. एक प्रत घरात ठेवा, एक लेकीच्या सासरी. दोन्ही प्रती एकाच मोबाईलमध्ये ठेवणं म्हणजे प्रत न ठेवण्यासारखंच. आणि उतरवून झालं म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. उद्या यापेक्षा चांगलं मशीन मिळू शकतं.

घरात जुन्या काळ्या तबकड्या असतील तर आणखी जपा. ७८ च्या वेगानं फिरणाऱ्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. पडल्या की काचेसारख्या फुटतात. त्या स्पिरिटनं कधीही पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. किंचित ओलसर मऊ फडकं पुरतं, आणि मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. नाव-गाव त्या कागदावर असतं.

हे नाव-गाव फार महत्त्वाचं आहे. का, ते एका खऱ्या गोष्टीवरून सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथं कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या मजुरांनी एक गाणं घडवलं. त्याला ब्लूज म्हणतात. कष्ट, उपासमार, सोडून गेलेला जोडीदार, मालकाचा जाच, सगळं त्यात येतं. तुमचा मुलगा पुण्यात शिकत असेल तर कदाचित कानात घालून हेच ऐकत असेल. त्याला हसू नका.

तिथला मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतमजूर गिटारवर गायचा. १९२८ साली ओके नावाच्या कंपनीनं त्याच्या काही तबकड्या काढल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. मंदी आली, हर्ट पुन्हा रानात गेला. पस्तीस वर्षं त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. पुढं जुन्या तबकड्या जमवणाऱ्या काही पोरांच्या हाती त्याचं एक गाणं लागलं. त्यात त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, ॲव्हलॉन. टॉम हॉस्किन्स या तरुणानं नकाशात गाव शोधलं आणि १९६३ साली तिथं जाऊन चौकशी केली. हर्ट जिवंत होता. सत्तरीचा होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवात तो हजारो लोकांपुढं गायला. १९६६ साली वारला, पण शेवटची तीन वर्षं त्याला मान मिळाला आणि नव्यानं ध्वनिमुद्रणं झाली. कुणीतरी ती तबकडी मोडीत घातली नाही आणि त्यानं गाण्यात गावाचं नाव घेतलं होतं, म्हणून.

आपल्या गाण्यात तर ही रीतच आहे. पोवाडा असो, लावणी असो, शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. पुष्कळदा गुरूचं आणि गावाचंही घालतो. म्हणून अनोळखी कॅसेट ऐकताना शेवटचं कडवं सोडू नका. वही जवळ ठेवा. नाव ऐकलं की लिहा. गाव ऐकलं की लिहा. दौंड-शिरूरच्या बाजारात कुणालातरी ते गाव ठाऊक असतं. कदाचित तो गायक किंवा त्याचा मुलगा तिथं आजही असेल.

नवीन काही शोधायचं तर सुरुवात ओळखीच्या माणसापासून करा. शाहीर साबळे तुम्हाला राज्यगीतामुळं ठाऊक आहेत. तिथं थांबू नका. त्यांचं 'आंधळं दळतंय' शोधा. अमर शेखांचं नाव ऐकलंय, पण त्यांचा आवाज? बार्शीचा हा शाहीर १९६९ साली गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजावर मैदानं भरत. तो आवाज शोधून ऐका. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांनी हजारो गीतं लिहिली, ती गावोगावच्या गायकांनी गायली. म्हणून कव्हरवर गायकाबरोबर कवीचं नावही वाचा. ढोलकी कुणाची, तेही बघा. ढोलकीवाल्याचं नाव धरून गेलात तर तुम्ही कधी न ऐकलेल्या गायिकेपर्यंत पोचाल. माझ्या मते जुनी लोकगीतं हुडकायची याहून चांगली वाट नाही. मोबाईल तेच तेच पुढं करतो, कारण त्याला खपलेलंच ठाऊक असतं.

पुण्याला कामानिमित्त जाताच. बुधवार-रविवारचा जुना बाजार शाहीर अमर शेख चौकाजवळ भरतो. तिथं तबकड्या, कॅसेटी मिळतात. घेताना घाई करू नका. तबकडी तिरकी धरून उजेडात बघा. नखाला लागणारी चीर असेल तर घेऊ नका. 'दुर्मिळ आहे' म्हणून हजारांचा आकडा सांगितला तर पुढं चला. न बघता ऑनलाइन पैसे तर मुळीच पाठवू नका. गाणं ऐकण्यासाठी घ्यायचं आहे, घराचा हप्ता अडकवायचा नाही.

आता आपल्या बायकांच्या गाण्याबद्दल. ते कॅसेटवर फारसं आलंच नाही. पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. हजारावर गावं झाली, लाखावर ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तो ठेवा आता 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात आहे. पैसे पडत नाहीत. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्याही तिथं आहेत. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज जरूर ऐका. एका बैठकीत दोन-तीन ओव्याच ऐका. तो आवाज कामं करता करता ऐकायचा नाही.

एखाद्या संध्याकाळी हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. बघा काय होतं ते. तिसऱ्या-चौथ्या ओवीला आत्या म्हणेल, 'आमच्याकडं ही अशी नव्हती.' तेव्हा मध्ये बोलू नका. तिला म्हणू द्या. दळणाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, तेव्हापासून तिला हे कुणी विचारलेलं नाही.

भरून घ्यायचं असेल तर आधी परवानगी घ्या. ती नको म्हणाली तर नको. ओवीत सासूचं, नवऱ्याचं, भावाच्या वाटणीचं बोलणं असतं. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर गेलं तर घरात भांडण लागेल आणि आत्या पुन्हा तोंड उघडणार नाही. सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेर आणि ओवी कुणाकडून शिकली ते वदवून घ्या. टीव्ही बंद, पंखा बंद, मोबाईल उशीवर. एवढं केलं तरी भागतं.

ऊसतोडीला बीड-नगरकडून येणाऱ्या बायकांजवळही गाणी आहेत. पण त्या पहाटेपासून राबलेल्या असतात. मोबाईल घेऊन कोपीपुढं उभे राहू नका. ओळख करा, पोरांची चौकशी करा, पाणी-सरपण काही कमी आहे का विचारा. त्यांना गावंसं वाटलं तर त्या गातील.

लावणीचंही सांगतो, कारण याबाबतीत आपल्याच भागात लोक मान खाली घालतात. चौफुला आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या कला केंद्रांचं नाव निघालं की घरात विषय बदलतात. पण बैठकीच्या लावणीतली अदाकारी, एकेक ओळ फिरवून फिरवून सांगायची रीत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळं तिच्यावर आलेली लावणी कापून आलेली आहे. पूर्ण लावणी त्या बायकांना पाठ आहे. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली आलं, ते तालुक्याच्या वाचनालयात मागा. नसेल तर मागवायला सांगा. वाचलंत तर बोलताना जीभ आपोआप सावरेल.

जत्रेचा तमाशा ठरवायला पंच मंडळी नारायणगावच्या राहुट्यांवर जातात. यंदा जाल तेव्हा सुपारी देताना एक विचारा. पार्टीच्या जुन्या वगांच्या कॅसेटी कुणाजवळ आहेत का? पार्टीचे जुने सरदार, जुने सोंगाडे कुठं राहतात? चार नावं मिळाली तरी पुष्कळ झालं. आणि ठरलेली बिदागी त्याच रात्री पूर्ण द्या. कलावंताचे पैसे अडकवून त्याची कला जपता येत नाही.

शेवटची सावधगिरी. छापील कॅसेट स्वतःसाठी उतरवून ठेवा, पण सरसकट यूट्यूबवर टाकू नका. कंपनी बंद झाली असली तरी गाण्यावर कवीचा, गायकाचा हक्क असतो. वारस सापडले तर त्यांना विचारा, त्यांना एक प्रत द्या. बहुतेकदा त्यांच्या घरात बापाचा आवाज शिल्लक नसतो. गावच्या सप्त्याची, भजनी मंडळाची कॅसेट असेल तर एक प्रत मंडळाला द्या आणि एक शाळेत. पेन ड्राइव्हला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर गाव, प्रसंग, अंदाजे साल, आणि आवाज ओळखता येतील तेवढ्यांची नावं. नावं ओळखायला पारावरची म्हातारी मंडळी बोलवा. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका, ती माणसं आज आहेत.