मुक्ताचे ‘मी’पण

मोक्ष म्हणजे जीव ब्रह्मात विरून जाणे, असे आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितले जाते की ते एका, अद्वैत, संप्रदायाचे मत आहे, याचाच विसर पडतो. जैनांच्या सिद्धशिलेवर प्रत्येक सिद्ध वेगळाच राहतो. रामानुजाचार्य आणि उडुपीचे मध्वाचार्य यांच्या मतेही मुक्त जीव स्वतः उरतो.

अद्वैत्यांचा पक्ष कच्चा नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा पुन्हा वेगळा काढता येत नाही आणि देह सुटल्यावर संज्ञा उरत नाही. शंकराचार्यांच्या मते ‘मी’ ही अंतःकरणाची उपाधी आहे. अज्ञान गेले की तीही गेली. गाढ झोपेत तरी ‘मी’ कुठे असतो?

रामानुजाचार्य श्रीभाष्यात नेमके इथेच अडवतात. जागा झालेला माणूस ‘मी सुखाने झोपलो’ म्हणतो. झोपेत तो नव्हताच, तर हे सुख आठवते कोणाला? त्यांचा दुसरा मुद्दा अधिक जिव्हारी लागणारा आहे. दुःखातून सुटण्यासाठी साधनेला लागलेल्याला ‘सुटका होईल, पण तू उरणार नाहीस’ असे सांगितले, तर मोक्षाची वार्ता कानी पडताच तो काढता पाय घेईल. ‘शुद्ध चैतन्य उरते’ हे उत्तर इथे पुरत नाही. जे चैतन्य कोणाचेच नाही, ते उरले काय नि न उरले काय, त्या बिचाऱ्याला त्याचे काय?

ब्रह्मसूत्रांचा शेवटचा पादही याच बाजूने बोलतो. त्यातले सतरावे सूत्र मुक्ताला सारे ऐश्वर्य देते, फक्त जगाचे नियमन वगळते. म्हणजे ऐश्वर्य भोगणारा कोणी तरी आहे! शंकराचार्य हे सूत्र सगुणोपासकापुरते मर्यादित करतात. पण पादाच्या आरंभी आधाराला घेतलेले छांदोग्यातले वचन ते परममुक्तालाच लावतात, आणि त्याच वचनात पुढे स्वरूपाला पोचलेला जीव हसतो, खेळतो, रमतो. हा उत्तरार्ध व्यवहारदृष्टीचा मानणे म्हणजे श्रुतीपेक्षा सिद्धान्ताला झुकते माप देणे.

मग मिठाच्या खड्याचे काय? मैत्रेयी गोंधळली, तेव्हा आत्मा अविनाशी आहे असे याज्ञवल्क्यांनीच तिला सांगितले. रामानुजाचार्यांच्या अर्थाने, नाहीशी होते ती देव, माणूस अशी देहाला चिकटलेली ओळख, जाणणारा नाही.

मध्वाचार्य मुक्तांच्या आनंदातही तारतम्य मानतात. ते मात्र पटत नाही. ब्रह्मसूत्रांच्या त्याच शेवटच्या पादातल्या एकविसाव्या सूत्राने मुक्ताला भोगापुरते ब्रह्माशी साम्य दिले आहे. दोघे मुक्त ब्रह्मानंदाच्या भोगात ब्रह्माशी समान असतील, तर त्यांच्यात आपसात कमीअधिक उरेल कसे?